काटा पाहुण्याला दिला

पिंपळखुट्याच्या जिनिंगमध्ये
वजनकाट्याच्या खोलीत
वीस वर्षं एकच डबा चालला.
पंख्यात सरकीची लव,
पत्र्यावर दरेक दसऱ्याचं कुंकू.
प्रोग्राम उमरेडच्या घोडमारे सरांचा.
सर गेले. मूळ फाइल कुठं,
त्यांच्या मुलालाही सांगता आलं नाही.

मार्गशीर्षात, ऐन हंगामात, डब्यानं डोळे मिटले.
मी डिस्क काढली,
नव्या मशीनच्या पोटात
त्याचं अख्खं घर पुन्हा मांडलं.
तीच निळी पाटी,
तोच पासवर्ड,
चांडकशेठच्या पहिल्या ट्रकचा नंबर.

बाहेरचा यजमान, आतला पाहुणा,
आणि पाहुण्याला ठाऊकच नाही
की तो पाहुणा आहे.
त्याला वाटतं, पत्रा माझा, पंखा माझा,
भिंतीपलीकडे थेट मिलचं अंगण.

फक्त काटा दिसेना त्याला.

फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंत गाड्या.
कवडूजी निखाडे दारात उभे,
कानावर पेन्सिल,
"काहून वं पोरी, सुन्नाच दाखवते हा?"

वायर यजमानाच्या मुठीत होती.
एका बैलाचा कासरा दोघांनी धरला
की बैल जागचा हलत नाही.
यजमानानं आधी सोडायचा.
सैल करायचा नाही, सोडायचा,
आपल्या गोठ्यात असा बैल होता
हेसुद्धा विसरायचं.
मगच पाहुण्यानं धरायचा.

पण काट्याची वायर एकटी सुटेना.
ज्या दावणीला ती,
त्याच दावणीला कीबोर्ड, त्याच दावणीला माउस.
बाहेर हॉर्न वाजत होते.
म्हटलं, जाऊ दे, दावणच देऊन टाकू.

एंटर.

आणि माझे हात गेले.

जे दाबीन ते आत उमटत होतं,
गाडी नंबरच्या रकान्यात, शेतकऱ्याच्या नावात,
"परत", "परत", "थांब".
बाहेर एक अक्षर नाही.
बाहेरचा पडदा शांत,
घरधन्यानं पाट पाहुण्याला द्यावा
आणि स्वतः कुठं बसावं ते सुचू नये,
तसा.

मी कवडूजींना सांगितलं, जमेल तसं.
ते हसले. बराच वेळ हसले.
"तिफन मांगाले आला शेजारी,
तं तू बैलं देले, कासरा देला,
अन् सोता बी गेली त्याच्या वावरात!
मांगच्या दारानं ये नं आता."

मागचं दार होतं.
मोबाइल काढला, मिलचं वायफाय धरलं,
आणि स्वतःच्याच मशीनमध्ये
नाव सांगून, पासवर्ड सांगून शिरले.
दावण परत घेतली.
टेबलाखाली पालथी पडून, धुळीत,
काट्याची वायर उपटली
आणि पाठीमागच्या एकट्या खुंट्याला लावली,
जिथं दुसरं कोणी बांधलेलं नव्हतं.
आता तेवढाच खुंटा दिला.

यजमानाच्या यादीतून एक ओळ गेली.
आत काहीतरी टुणकन वाजलं.

कवडूजी काट्यावर जाऊन उभे राहिले.
साठ.
चपला काढल्या. साठ.
जेवणाचा डबा घेऊन उभे राहिले. साठच.
"दहाच्या खालचं याले पहिलेपासूनच समजत नाई,"
ते म्हणाले, समाधानानं,
जुना माणूस ओळखीचा निघाल्यासारखं.

मग दुर्पताबाई कोडापेंचा छोटा हत्ती चढला,
मागं पोरगं कापसावर झोपलेलं,
त्याला उठवून उतरवलं.
सोळाशे सत्तर.
आत हिरवा आकडा, ठाम.
बाहेर, यजमानाला विचाराल तर
काटा नाही, गाडी नाही, कापूस नाही.

दुर्पताबाईंनी खिडकीतून हात आत घातला,
"पावती?"

प्रिंटर द्यायचा राहिला होता.

कवडूजींनी कानावरची पेन्सिल काढली.